काळी, तांबडा आणि आमचे मामंजी

माझी मैत्रीण आणि मी एकाच शाळेत शिकवायचो. ती विज्ञान, मी मराठी. मधल्या सुट्टीत डबे एकत्र उघडायचे, तिची खिचडी आणि चिंचेचा खट्टा मी संपवायची आणि माझी भाकरी-ठेचा ती, असा आमचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता होता. त्या वर्षी दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाली आणि एक दिवस ती डबा न उघडताच बसून राहिली.

"मेरेकू ऑपरेशन बोले डॉक्टर," ती म्हणाली.

पिशवी काढायची होती. मोठी बहीण हैदराबादला, तेव्हा ऑपरेशन तिथंच करायचं, आणि पुढं महिनाभर तरी तिकडंच राहायचं असं ठरलं होतं. मी काळजीनं काही विचारायला लागले तर तिनं हात वर करून मला थांबवलं.

"मेरी फिकर नक्को कर गे. कुत्तों का क्या करूं, वो बोल."

कुत्री खरं तर तिच्या अब्बांची. ते जंगलखात्यात नोकरीला होते, आणि जन्मभर कुत्र्यांशिवाय राहिले नव्हते. नातेवाईक नाकं मुरडायचे, पण अब्बांनी अंगणात कुत्र्यांसाठी वेगळी खोली बांधली आणि नमाजाची खोली माडीवर नेली. कुणाचं काही चालू दिलं नाही. मागच्या वर्षी अब्बा गेले. घरात उरली ती एकटी आणि दोन कुत्री. एक काळीभोर म्हातारी कुत्री, तोंडाशी पिठात बुडवून काढल्यासारखी पांढरी झालेली. दुसरा एक तांबडा पोरगेला कुत्रा, रस्त्यावरून उचलून आणलेला. दोघांना अब्बांनी ठेवलेली भारदस्त नावं होती, पण आमच्या घरात ती कुणाच्या जिभेवर बसली नाहीत. आमच्याकडे ती काळी आणि तांबडाच झाली.

मी हो म्हणून बसले. घरी विचारायचं राहिलं होतं.

घरात आम्ही तिघं. हे, मी आणि मामंजी, म्हणजे माझे सासरे. मुलगी शिकायला पुण्याला होती. सासूबाई जाऊन दोन वर्षं झाली होती आणि तेव्हापासून मामंजींनी बोलणं जवळजवळ सोडलंच होतं. तहसिलीतून रिटायर झालेला, एकेकाळी आमच्या उस्मानपुऱ्यातल्या प्रत्येक भांडणात पंच म्हणून बसणारा हा माणूस आता ओसरीवरच्या वेताच्या खुर्चीत पेपर धरून बसायचा. फाटकाबाहेर पाऊल टाकायचा नाही. जेवायला हाक मारली की जेवायचा, चहा दिला की प्यायचा.

"मामंजी, माझ्या मैत्रिणीची दोन कुत्री महिनाभर आपल्याकडे ठेवू का?" मी विचारलं.

पेपर खाली आला नाही. "घरात?"

"नाही, ओसरीवर."

"उंबऱ्याच्या आत एक पाय आला तर मी गावी निघून जाईन."

गावी आता आमचं कुणीही नव्हतं. हा होकारच होता.

मैत्रीण रिक्षातून दोघांना घेऊन आली. सोबत दोन वाडगी, एक जुनी सतरंजी आणि गोळ्यांची डबी. तांबड्यानं आल्याआल्या अंगणाची पाहणी करून माझी तुळस उकरायला घेतली. काळी मात्र फाटकापाशी बसली, ती बसलीच. मैत्रिणीनं तिच्या कपाळावर कपाळ टेकवलं, काहीतरी पुटपुटली आणि मागं न बघता रिक्षात चढली. रिक्षा वळली तरी काळी त्याच दिशेला बघत होती.

त्या दिवशी तिनं काही खाल्लं नाही. म्हटलं, होईल सवय. दुसऱ्या दिवशीही वाडगं तसंच. मी दूध-भाकरी कुस्करली, अंडं उकडून घातलं. "खा गं बाई, खा गं माझी राणी," करत तिच्यापुढं उकिडवी बसून राहिले. तिनं माझ्याकडे बघितलं, शेपटी एकदा हलवली, आणि तोंड पंजांवर ठेवून डोळे मिटले. तिचा वाटा तांबड्यानं खाल्ला, स्वतःचाही खाल्ला. हैदराबादला फोन करून सांगायची सोय नव्हती. तिकडं ऑपरेशन दुसऱ्या दिवसावर आलेलं, आणि तिला हे कसं सांगायचं?

तिसऱ्या सकाळी मी अशीच वाडगं घेऊन बसले होते. शाळेला उशीर होत होता. पेपरमागून एकदम आवाज आला, जरा वैतागलेला.

"अजी बेगमसाहेबा, अब नोश भी फर्माइए. सारा घर आप के लिए भूका बैठा है!"

मी चमकून वर बघितलं. लग्न होऊन वीस वर्षं झाली होती, पण मामंजींच्या तोंडून असलं काही मी ऐकलं नव्हतं. आणि माझ्याआधी काळीनं वर बघितलं होतं. तिचे कान उभे राहिले. ती उठली, आळस दिला, आणि माझ्या हातातल्या वाडग्याला वळसा घालून थेट त्या खुर्चीपाशी गेली. मामंजींच्या गुडघ्यावर तिनं हनुवटी ठेवली.

आता पेपर खाली आला.

दोघं कितीतरी वेळ एकमेकांकडे बघत राहिली. मग मामंजींनी हात पुढं केला, काळीसाठी नव्हे, माझ्याकडे. "आण ते वाडगं इकडं."

त्यांच्या हातून काळीनं सगळं खाल्लं. मी उभी राहून बघत होते. मग कळलं. अब्बाही असेच खर्जातल्या, थोड्या घोगऱ्या आवाजात बोलायचे, आणि कुत्र्यांशी तर अदबीनंच. "आइए, बैठिए" असं. काळीला मराठी कळत नव्हती असं नाही. तिला म्हातारा आवाज हवा होता, आणि तो त्या बोलीत.

"मामंजी, तुम्हाला एवढी उर्दू येते?" मी विचारलं.

"येते म्हणजे? शाळा उर्दूतच झाली माझी. गणित, भूगोल, सगळं. पोलिस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, मग सगळं मराठीत आलं. मीही आलो." ते काळीच्या कानामागं खाजवत होते. "तुझ्या सासूला कळायची नाही. मग बोलायचं कुणाशी?"

त्या दिवसापासून ओसरीवर दिवसभर बोलणं सुरू झालं. आत स्वयंपाकघरात मला ऐकू यायचं. पेपरातली बातमी वाचून दाखवली जायची, वर त्यावर मत विचारलं जायचं. "क्या फर्माती हैं आप?" काळीचं मत बहुधा मामंजींच्या मताशी जुळायचं. तांबड्याला मात्र ते मराठीतून झापायचे, "ए टवाळा, तुळशीतून बाहेर ये."

तोवर थंडी पडायला लागली होती. मामंजी रात्री आत झोपायला गेले की काळी उंबऱ्यापाशी यायची आणि बाहेरच उभी राहायची. आत पाय टाकायची नाही, नुसती आत बघत राहायची. दोन रात्री मामंजींनी हे सोसलं. तिसऱ्या दिवशी ते ह्यांना म्हणाले, "माझी खाट ओसरीवर घे. आत फार उकडतंय."

हे माझ्याकडे बघायला लागले. मी आत जाऊन दोन रजया काढल्या.

पुढच्या आठवड्यात माझ्या माहेराहून, कन्नडहून माझा भाऊ जीपमधून आला, न कळवता. मागच्या सीटवर पोत्यावर एक कुत्रा, मोठ्या वासराएवढा, मान फडक्यानं गुंडाळलेली.

"आक्का, बिबट्यानं धरला व्हता ह्याला. गोठ्यात घुसला व्हता, वासरापायी. ह्यानं सोडला नाय त्याला, वासरू वाचलं," भाऊ सांगायला लागला. "आत्ता जनावराच्या दवाखान्यात टाके घालून आनला. डाक्टर म्हनला रोज पट्टी करावी लागंल, सुया बी हायेत. घाट उतरून रोज कसा आनू सांग? लई गुणाचा हाय. ठेव आठ-पंधरा दिस."

"अरे पण इथं आधीच दोन आहेत!"

"मग तर बरंच झालं की. ह्याला बी सोबत."

मामंजींनी चष्मा वर करून त्या धुडाकडं बघितलं. "कन्नडकर, या. तुम्हीच राहिला होता," म्हणाले. तेव्हापासून त्याचं नाव कन्नडकर पडलं.

बिबट्याशी झुंजलेला हा कुत्रा आमच्या घरात आला आणि फरशीला घाबरला. शेणानं सारवलेल्या जमिनीवर वाढलेला तो. गुळगुळीत फरशीवर त्याचे पाय चारी दिशांना जायचे. नळाला पाणी आलं की तो भुंकायचा, आणि आमच्याकडं पाणी चार दिवसांतून एकदा यायचं, त्यामुळं सवय व्हायच्या आत तो पुन्हा विसरून जायचा. मात्र संध्याकाळी घरातली सगळी माणसं ओसरीवर जमेपर्यंत त्याला चैन पडत नसे. कुणी गच्चीवर गेलं, कुणी मागं न्हाणीत, की हा उठून शोधायला निघायचा. गुरं मोजल्यासारखी तो आम्हाला मोजायचा असं मला वाटे.

एवढ्यानं भागलं नाही. शेजारी मुलीचं लग्न निघालं. त्यांच्याकडं एक पांढरा, झिपरा, उशीएवढा कुत्रा होता. लग्नघराच्या गर्दीत तो पाहुण्यांच्या पायात यायला लागला, म्हणून शेजारीण सकाळी त्याला आमच्या कंपाउंडवरून अलगद माझ्या हातात द्यायची आणि संध्याकाळी घेऊन जायची. त्याला मामंजी 'साहेब' म्हणायचे. साहेब आला की ओसरी, सतरंजी असल्या जागांकडं ढुंकूनही न बघता सरळ आत जाऊन सोफ्यावर बसायचा. उंबऱ्याचा नियम त्याला कुणी सांगितला नव्हता आणि सांगायची कुणाची हिंमतही नव्हती. पहिल्याच दिवशी त्यानं कन्नडकराच्या वाडग्यात तोंड घातलं. कन्नडकर गुरगुरला मात्र, साहेबानं अशी काही किंकाळी फोडली की तो भला थोरला कुत्रा मागं सरकत सरकत मामंजींच्या खाटेखाली गेला. खाट वर उचलली गेली.

"वा रे वाघमाऱ्या," मामंजी म्हणाले आणि हसले. मोठ्यानं हसले. ह्यांनी आतून येऊन विचारलं, काय झालं? दोन वर्षांत ते हसणं आम्ही ऐकलं नव्हतं.

हैदराबादहून शेजाऱ्यांकडं फोन आला. ऑपरेशन नीट पार पडलं होतं. मैत्रिणीचा आवाज बारीक झाला होता, पण पहिला प्रश्न तोच, "खा रही क्या वो?" मी म्हटलं, "खाते आहे. आमच्या मामंजींच्या हातानं खाते." मग ती म्हणाली, "अब्बा के हात से खाती थी." आणि फोन बहिणीकडं दिला.

मग तो शनिवार आला. सकाळची शाळा, पेपर तपासायचे म्हणून मला घरी यायला दुपार उलटली. फाटक नुसतं लोटलेलं. ओसरीवर खुर्ची रिकामी, खाट रिकामी, सतरंजी रिकामी. आम्ही दोघं नसताना कन्नडकराला बांधायचो तो दोर खांबाला होता, पण अर्धाच. बाकीचा चावून तोडलेला. "मामंजी!" मी हाका मारत आत गेले. सोफ्यावर साहेब एकटा बसला होता आणि माझ्याकडं असा बघत होता की, आलात का, मला इथं विचारायला कुणी नाही.

दोन वर्षं फाटकाबाहेर न पडलेला, बीपीच्या गोळ्या घेणारा माणूस. आणि सोबत दुसऱ्यांची कुत्री. मी शेजारून ह्यांना कंपनीत फोन लावला. ते स्कूटरवर येईपर्यंत मी रस्त्यावर येऊन विचारत सुटले होते.

कोपऱ्यावरचा पंक्चरवाला म्हणाला, "हौ, गये ना. काली के साथ. ऐसे जा रहे थे जैसे बारात में जा रहे."

"कुठल्या बाजूला?"

"क्रांती चौक की तरफ. और पीछे से वो पट्टीवाला बडा कुत्ता भागता आया. मैं तो दुकान के ऊपर चढ गया, बाई."

हे आले. मी मागं बसले आणि आम्ही क्रांती चौकाच्या दिशेनं निघालो. चौकात भाजीच्या गाड्यापाशी विचारलं तर बाई म्हणाली, "आत्ताच न्हाई, लई वेळ झाला. म्हातारबाबा मधी, एक कुत्रं पुढं, एक बाजूला, अन् एक मागून. गाड्या थांबल्या व्हत्या त्यांच्यासाठी." ती हसत होती. मला रडू येत होतं. वाटेत कुठं चक्कर आली असेल, कुठल्या गाडीनं उडवलं असेल, तांबडा कुठं पळाला असेल. आणि मैत्रिणीला काय सांगू? हे स्कूटर फार हळू चालवत दोन्ही बाजूच्या पायऱ्या, कट्टे बघत होते.

पैठण गेटशी आलो तेव्हा माझ्या डोक्यात एकदम प्रकाश पडला. "अहो, गल्लीत घ्या," मी म्हटलं. "तिच्या घराकडं घ्या."

मैत्रिणीच्या घराला कुलूप होतं. त्या कुलूपबंद दारापाशी, पायरीवर काळी आडवी पसरली होती, चांगली घोरत होती. गल्लीत एक खाट टाकलेली, तिच्यावर मामंजी मांडी घालून बसलेले, हातात चहाची बशी. भोवती चार-पाच म्हातारे. तांबडा कुणाच्या तरी हातातून बिस्किटं खात होता. आणि गल्लीच्या तोंडाशी, जाणाऱ्या-येणाऱ्यांकडं बघत, मानेला पट्टी बांधलेला कन्नडकर बसला होता. आम्हाला बघून त्यानं शेपटी आपटली. त्याचा हिशेब पूर्ण झाला असावा.

मी स्कूटरवरून उतरले ती रागानंच. वाटेत बोलायचं सगळं जुळवून ठेवलं होतं.

"अरे, या या," मामंजी म्हणाले. त्यांचा चेहरा उन्हानं लाल झाला होता. "हे बघ, हे इथले घड्याळवाले. माझ्याच शाळेचे!"

शेजारचे टोपीवाले आजोबा उठून उभे राहिले आणि त्यांनी मला आदाब केला. "इनो मेरे से तीन जमात आगे थे, बेटी. मैं पैचाना नहीं. पर गणित के मास्टर का नाम लिए ना इनो, तो मैं अपनी हथेली देखा." त्यांनी तळहात पुढं केला, जणू छडीचे वळ अजून तिथं असावेत. सगळे म्हातारे हसले.

"मामंजी, सांगून तरी जायचं," मी कसंबसं म्हटलं.

बशी खाली ठेवून त्यांनी माझ्याकडं बघितलं. "सूनबाई, ती रोज फाटकापाशी जाऊन उभी राहते, तू शाळेत गेल्यावर. दुपारभर रस्त्याकडं बघते. मला बघवेना. म्हटलं, एकदा जाऊन येऊ दे. घर आहे जागेवर, एवढं तरी कळेल तिला. मला पत्ता कुठं माहीत होता? तिनंच आणलं. मी नुसती साखळी धरली होती."

"आणि हा?" ह्यांनी कन्नडकराकडं बोट दाखवलं.

"त्याला कुणी बोलावलं? मागं बघतो तर हा. आमच्यातलं कुणी जरा लांब गेलं की भुंकायचा."

माझा जुळवून ठेवलेला राग कुठं गेला कळलं नाही. मी पायरीवर काळीशेजारी बसले. कुणीतरी माझ्याही हातात चहा दिला.

परत येताना लोडिंग रिक्षा केली. मागं मी आणि तीन कुत्री, पुढं ड्रायव्हरशेजारी मामंजी, तोंड न थांबवता. घरी पोचलो तर शेजारीण कंपाउंडपाशी साहेबासाठी उभी, आणि साहेब सोफ्यावर झोपलेला.

त्या दिवसानंतर काळी फाटकापाशी जाईनाशी झाली. तिला काय समजलं ते तिलाच ठाऊक. वाडग्यातून आपली आपण खायला लागली, फक्त आधी एकदा मामंजींकडं बघायची आणि त्यांनी "फर्माइए" म्हटलं की सुरू करायची.

शेजारचं लग्न पार पडलं, साहेब आपल्या घरी गेला. कन्नडकराची जखम भरली. भाऊ न्यायला आला तेव्हा तो जीपमध्ये उडी मारून बसला, मग उतरून परत ओसरीवर आला, मामंजींचे पाय हुंगले, आणि पुन्हा जाऊन बसला. "लई माया लावली तुमी त्याला," भाऊ मामंजींना म्हणाला. "माझ्या हाताला बी असा येत नाय." मामंजी म्हणाले, "पाठवत जा मधूनमधून. हवापालट."

मैत्रीण परतली ती निम्मी होऊन, पण चेहरा उजळ. रिक्षातून उतरताना तिला बहिणीनं आणि मी धरलं होतं. काळी तिच्याकडं पळत नाही गेली, तिला आता पळता येत नव्हतं. चालत गेली, आणि मैत्रिणीच्या पायावर सगळं अंग टाकून दिलं. मैत्रीण ओसरीच्या पायरीवर बसून रडली. मामंजी आत गेले होते. मी बघायला गेले तर ते खिडकीशी उभे.

"चाचा," मैत्रीण दारातून म्हणाली, "इसको आप के पास रहने दूं? अब्बा के बाद कितनी उदास थी ये. यहां खुश है."

मामंजींनी उत्तर दिलं ते तिच्याच बोलीत. "नक्को बेटा. घर उसका वो है. मैं आता जाऊंगा ना."

आणि ते खरंच जायला लागले. दुपारी जेवण झालं की रिक्षा करून पैठण गेटपलीकडच्या त्या गल्लीत. घड्याळवाल्यांशी गप्पा, कधी पत्ते, आणि पायाशी काळी. हे म्हणायचे, आपला बाप नोकरीला लागलाय. संध्याकाळी परत आले की ते गल्लीतल्या बातम्या सांगायचे, कुणाचा मुलगा दुबईला गेला, कुणाच्या घरी काय शिजलं. मी भाकरी थापत ऐकायची.

काळी त्यानंतर जवळजवळ दोन वर्षं जगली. शेवटी तिला उठता येईना. मैत्रिणीनं शाळेतच मला सांगितलं आणि शाळा सुटल्यावर आम्ही दोघी गेलो, तर घड्याळवाल्यांच्या निरोपावरून मामंजी सकाळपासून तिथंच होते, तिचं डोकं मांडीवर घेऊन. ते तिच्याशी काय बोलत होते ते मी विचारलं नाही. दुपारचं ऊन अंगणातून निघून गेलं तेव्हा ती गेली. अब्बांच्या मोगऱ्याच्या आळ्याशेजारी खड्डा खणला. घड्याळवाल्यांनी स्वतः दोन फावडी माती ओढली.

परतताना रिक्षात मामंजी गप्प होते. मला भीती वाटत होती, की आता पुन्हा ती खुर्ची आणि तो पेपर. क्रांती चौकात सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा त्यांनी घसा खाकरला.

"सूनबाई, तुझ्या मैत्रिणीला सांग," ते म्हणाले, "त्या तांबड्याला अजिबात वळण नाही. आज मातीत लोळला, सगळ्यांच्या अंगावर उडवली. उद्यापासून मी बघतो त्याच्याकडं."

"सांगते," मी म्हटलं.

सिग्नल सुटला.